‘सोडा’ म्हणजे कोणता सोडा?

जी वस्तू रोज हाताशी असते तिचे नाव आपण सहसा तपासून घेत नाही. नव्या मूलद्रव्याला नाव द्यावयाचे झाले तर जगातले शास्त्रज्ञ त्यावर विचारविनिमय करतात. परंतु फडताळातल्या पांढऱ्या पुडीला घरातले माणूस ज्या नावाने ओळखते तेच तिचे नाव होऊन बसते. ‘सोडा’ हा असाच एक शब्द आहे. तो इतका परिचयाचा आहे की त्याचा अर्थ आपणांस ठाऊक नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मी लहान असताना आमच्या घरी एकदा कांद्याची भजी व्हावयाची होती. मला वाण्याकडे ‘सोडा’ आणावयास पाठविले. कोणता, ते मला कोणी सांगितले नव्हते, आणि वाण्यानेही विचारले नाही. कागदाच्या पुडीतून पांढरी भुकटी घरी आली. आईने ती डाळीच्या पिठात घालून पाणी ओतले मात्र, आणि हळद घातलेले ते पिवळे पीठ पाहता पाहता लाल होऊन गेले. आईने पातेले बाजूला ठेवले, हात धुतले आणि म्हणाली, “हा धुण्याचा आहे.” पीठ फेकून द्यावे लागले, दुसरे काही झाले नाही. आईने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. पण हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि तिचे कुंकू करतात, एवढे तिला ठाऊक होते. हळदीने त्या दिवशी आम्हांस सावध केले.

त्या पुडीत कपडे धुण्याचा सोडा होता म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते. ज्याला वाणी आणि साबण करणारे ‘कॉस्टिक सोडा’ म्हणतात तो तिसराच पदार्थ त्यात असता, आणि हळदीऐवजी एखाद्या लहान मुलाच्या जिभेने तो ओळखला असता, तर ती हसण्याची गोष्ट राहिली नसती. नाव मात्र तिन्ही पुड्यांचे तेच असते: सोडा.

या पुस्तिकेत मला एकच मत मांडावयाचे आहे. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याने, शिकविणाऱ्याने व छापणाऱ्याने ‘सोडा’ हा शब्द एकटा कधीही वापरू नये. हा नियम केवळ भाषेच्या टापटिपीसाठी नाही. सोडियमच्या संयुगांची नावे नीट घेता येणे हाच त्या संयुगांच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते का, हे पुढे सांगतो.

मूळ धातू

या सर्व पदार्थांत समान असलेले मूलद्रव्य म्हणजे सोडियम. हा एक धातू आहे. परंतु धातू म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यात तो मुळीच बसत नाही. तो सुरीने कापता येईल इतका मऊ आहे, पाण्याहून किंचित हलका आहे, आणि सुमारे ९८ अंश सेल्सिअस तापमानालाच वितळतो. ताजा काप चांदीसारखा चकाकतो. पण हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांच्यामुळे ती चकाकी पाहता पाहता मळकट होते. म्हणून तो घासलेटासारख्या तेलात बुडवून ठेवतात. पाण्यात टाकला तर तो तरंगतो, वितळून गोळी बनतो आणि सैरावैरा धावू लागतो. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, पुष्कळ उष्णता निर्माण होते, आणि तुकडा मोठा असेल तर स्फोट होतो. हा प्रयोग शिक्षकांनीच, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून करावयाचा असतो. क्रिया संपल्यावर भांड्यात पाणी दिसते तसेच दिसते. पण ते आता पाणी नसते. त्यात कॉस्टिक सोडा विरघळलेला असतो.

सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात व त्यांपैकी सर्वांत बाहेरचा एक फारच सैलपणे बांधलेला असतो. तो देऊन टाकण्याची या अणूला सदैव घाई असते. म्हणूनच निसर्गात हा धातू मोकळा कोठेही सापडत नाही. जेथे सापडतो तेथे तो इलेक्ट्रॉन देऊन, दुसऱ्या कोणाशी तरी संयोग पावूनच सापडतो.

आता हा दुसरा कोण, यावर सर्व काही अवलंबून असते. सोडियमचा क्लोरीनशी संयोग झाला तर आपले खाण्याचे मीठ तयार होते. हा क्लोरीन हिरवट-पिवळा विषारी वायू आहे; पहिल्या महायुद्धात, १९१५ सालच्या एप्रिल महिन्यात, बेल्जममधील ईप्र या गावाजवळ तो सैनिकांवर सोडण्यात आला होता. पाण्यात पेटणारा धातू आणि जीव घुसमटविणारा वायू एकत्र येतात आणि आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला येऊन बसतात! संयुगाचा स्वभाव त्याच्या घटकांच्या स्वभावांची बेरीज नसतो, हे तत्त्व शिकविण्यास याहून चांगले उदाहरण नाही. आणि याच तत्त्वातून नावाविषयीचा नियम निघतो. ‘सोडियमचे’ एवढे सांगून पदार्थाविषयी फारच थोडे सांगितले जाते. सोडियमबरोबर कोण आहे, क्लोराइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट की हायड्रॉक्साइड, हे नावाच्या दुसऱ्या भागात असते, आणि खाण्याचे कोणते व जाळणारे कोणते हे तो दुसरा भागच ठरवितो. ‘सोडा’ या शब्दाने आपण नेमका तोच भाग गाळून टाकतो.

एका नावाचे चार धनी

मराठी बोलण्यात ‘सोडा’ हे नाव निदान चार पदार्थांना दिले जाते. त्यांची क्रमाने ओळख करून घेऊ.

पहिला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. याच्यावर लिंबाचा रस किंवा ताक पडले की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे येतात. ढोकळ्याला जाळी पडते ती यामुळेच. नुसत्या उष्णतेनेही हा सोडा फुटतो, वायू व पाण्याची वाफ निघून जातात. पण मागे काय उरते ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १६८ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरता तापविला तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १८ ग्रॅम पाणी निघून जाते आणि १०६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट उरते. सोडियम कार्बोनेट म्हणजेच धुण्याचा सोडा. भज्यांत खाण्याचा सोडा जास्त पडला की त्यांना साबणासारखी चव येते, ती या कारणाने. आंबट पदार्थाची जोड असेल तर हे कार्बोनेट मागे राहत नाही. म्हणून ढोकळ्यात लिंबू पिळणारी गृहिणी रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य तेच करीत असते.

दुसरा हा धुण्याचा सोडा. त्याची निर्जल, कोरडी भुकटी कारखान्यात ‘सोडा अॅश’ या नावाने ओळखली जाते. हिचे पाण्यात द्रावण करून स्फटिक होऊ दिले तर सोडियम कार्बोनेटच्या एका रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधले जातात. म्हणजे अशा शंभर ग्रॅम स्फटिकांत सुमारे ६३ ग्रॅम पाणीच असते! काचेसारखा पारदर्शक स्फटिक कोरड्या हवेत काही दिवस उघडा ठेवावा. तो हळूहळू पाणी गमावून पांढऱ्या भुकटीचा होतो. विद्यार्थ्यांनी आधी व नंतर वजन करून पाहावे. येथेही नावाचा प्रश्न उभा राहतोच. एखाद्या कृतीत ‘दहा ग्रॅम धुण्याचा सोडा’ असे लिहिले तर स्फटिक घ्यावयाचे की निर्जल भुकटी? १०६ ग्रॅम भुकटीत जेवढे कार्बोनेट असते तेवढ्यासाठी २८६ ग्रॅम स्फटिक लागतात. नाव अर्धे सांगितले तर वजन बरोबर असूनही प्रयोग चुकतो.

तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ग्रंथांत याला दाहक सोडा म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे. हा पांढऱ्या पाकळ्यांच्या किंवा गोळ्यांच्या रूपात मिळतो. हवेतील ओलावा ओढून घेऊन स्वतःच ओला होतो. पाण्यात टाकला की पाणी कढत होते. तेलाशी याची क्रिया होऊन साबण बनतो. त्वचेत स्निग्ध द्रव्ये व प्रथिने असतात. त्यांच्याशीही तो तीच क्रूर क्रिया करतो व आत खोल जातो. पुष्कळदा दाह उशिरा जाणवतो, तोवर इजा होऊन गेलेली असते. अंगावर पडल्यास भुकटी झटकून, निदान पंधरावीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळून त्याला ‘मारण्या’चा प्रयत्न करू नये. पोटात गेल्यास ओकारी काढावयास लावू नये, कारण वर येताना तो अन्ननलिका पुन्हा जाळतो. रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अॅल्युमिनियमच्या भांड्यात हा कधीही ठेवू नये. तो भांडे खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या भुकट्यांत बहुधा हाच असतो.

चौथा बाटलीतला सोडा. हे केवळ दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळविलेले पाणी. नाव सोड्याचे असले तरी त्यात सोडियमचे संयुग असलेच पाहिजे असे नाही. एके काळी असे पाणी करताना सोडा वापरीत, त्यावरून पडलेले नाव तेवढे मागे राहिले.

पहिल्या तिघांतला फरक आकड्यांनीही सांगता येतो. द्रावण आम्लधर्मी आहे की अल्कली आहे हे मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा आठाच्या थोडा वर, धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास, आणि कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाचा १३ ते १४. हे आकडे जवळजवळचे वाटतात. परंतु या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. आठापासून तेरापर्यंत पाच पायऱ्या आहेत, म्हणजे एक लाख पट. इतक्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन पदार्थांना एकाच नावाने हाक मारणे हे रसायनशास्त्रात बसत नाही, आणि शहाणपणातही बसत नाही.

नावे वेगळी होण्यास लागलेली शतके

कोणी म्हणेल की, हे भेद आजच्या प्रयोगशाळेचे आहेत. सामान्य माणसाला त्यांचे काय? माझ्या मते वस्तुस्थिती उलट आहे. ज्यांना पदार्थ हाताळावा लागे त्यांनी नावे फार पूर्वीच वेगळी केली होती.

आयुर्वेदात ‘क्षारद्वय’ म्हणून दोन क्षारांची जोडी सांगितली आहे: सर्जिकाक्षार आणि यवक्षार. सर्जिकाक्षार म्हणजे आपला सज्जीखार. खारवट जमिनीत वाढणाऱ्या काही वनस्पतींच्या राखेतून तो काढीत आणि तो प्रामुख्याने सोडियम कार्बोनेट असतो. यवक्षार म्हणजे जवखार. तो जवाच्या रोपांच्या राखेचा आणि प्रामुख्याने पोटॅशियम कार्बोनेट असतो. यांत सोनाराचा टाकणखार मिळविला की ‘क्षारत्रय’ होते, आणि टाकणखार हेही सोडियमचेच संयुग आहे. सोडियम व पोटॅशियम ही नावे जन्माला येण्यापूर्वी किती तरी शतके वैद्यांच्या भाषेने या दोन राखा निरनिराळ्या ठेवल्या होत्या. युरोपात हा भेद सिद्ध व्हावयास अठरावे शतक उजाडावे लागले. १७३६ साली फ्रान्समधील द्युआमेल द्यू माँसो यांनी दाखविले की, सागरी मिठात जो अल्कली घटक असतो तोच सोड्यात असतो व तो लाकडाच्या राखेतल्या अल्कलीहून वेगळा आहे. पुढे त्याच शतकाच्या मध्यास जर्मनीतील मार्गग्राफ यांनी ज्योतीच्या रंगावरून दोहोंची परीक्षा केली: सोड्याने ज्योत पिवळी होते, पोटॅशने जांभळट. आजही भाताचे खारट पेज उतू जाऊन चुलीवर पडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. ती सोडियमची सही आहे. अखेर १८०७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी वितळलेल्या दाहक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडून त्यातील धातू वेगळा केला आणि ‘सोडा’ या शब्दावरूनच त्याचे नाव सोडियम ठेवले.

मृदू आणि दाहक यांतला भेदही असाच जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याची सविस्तर कृती दिली आहे. वनस्पतींच्या राखेचे पाणी गाळून आटवावयाचे. तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेला चुनखडा व शिंपले घालावयाचे. आणि तो लोखंडी भांड्यात ठेवावयाचा. चुन्याशिवाय केलेला तो मृदू. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या कृतीचे महत्त्व दाखवून दिले आहे. राखेतला क्षार बहुधा पोटॅशियमचा, म्हणून येथे मिळणारा दाहक पदार्थही मुख्यतः पोटॅशियमचा. परंतु क्रिया तीच. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात कळीचा चुना घातला की कॉस्टिक सोडा तयार होतो. चुना नेमके काय करतो, याचा उलगडा १७५६ साली स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी केला: मृदू अल्कलीत बद्ध असलेला वायू चुना ओढून घेतो, म्हणून ती दाहक होते. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. कारण कळावयास दीर्घ काळ लागला. पण दोन वस्तूंना दोन नावे असली पाहिजेत, हे शल्यकर्म करणाऱ्या वैद्याला कारणाच्या कितीतरी आधी कळले होते. कारण चूक झाली तर रोग्याचे मांस जळणार होते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण देतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या विवरात साठलेले आहे. त्याचे पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कलीही आहे. त्यात मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असते. लवणासुराची कथा तेथे सांगतात. ऐन-इ-अकबरीतही या भागात काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जमणारे क्षार पूर्वी गोळा करून विकले जात, आणि ते गोळा करणारे लोक त्या सर्वांना ‘खार’ म्हणून मोकळे होत नसत. दल्ला, पापडी, भुस्की अशी निरनिराळ्या प्रतींना निरनिराळी नावे होती, कारण ज्याचा त्याचा उपयोग आणि भाव वेगळा होता. पापडात घालावयाचा कोणता आणि साबणात घालावयाचा कोणता, हे त्यांना ठाऊक असणे भागच होते.

आज भारतातील सोडा अॅश बहुतांशी गुजरातेत तयार होतो. मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ साली झाली. मीठ, चुनखडी व अमोनिया यांच्या योगे सोडा करण्याची जी रीत बेल्जममधील अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ साली शोधली, तिच्यात आधी खाण्याच्या सोड्याचाच साका खाली बसतो व तो तापवून धुण्याचा सोडा करतात. मिठाचे द्रावण घेऊन त्यातून वीज सोडली तर क्लोरीन व हायड्रोजन वायू निघतात आणि कॉस्टिक सोडा उरतो. म्हणजे सारे एकाच मिठाचे वंशज. परंतु कारखान्यात प्रत्येकाचे पोते वेगळे, चिठ्ठी वेगळी. गोंधळ सुरू होतो तो माल सुटा होऊन घरात आल्यावर, आणि दुर्दैवाने आमच्या पुस्तकांत.

‘क्षार’ या शब्दाची अडचण

पुस्तकांतला गोंधळ म्हणताना मला दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचे नाही. माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलांसाठी एका छोट्या पुस्तकाचे भाषांतर करताना मी हिंदी आवृत्ती समोर ठेवली होती. तीत हळदीचा प्रयोग होता. मी लिहिले, ‘हळदीच्या पाण्यात क्षार घातला की ते लाल होते.’ वाक्य सुबोध होते, व्याकरणशुद्ध होते. पुढे एका गावातील शिक्षकांचे पत्र आले. त्यांच्या वर्गातील मुलांनी हळदीच्या पाण्यात मीठ घातले होते, दोनदा घातले होते, आणि पाणी पिवळेच राहिले होते. मुलांनी निष्कर्ष काढला की पुस्तकात खोटे लिहिले आहे.

मुलांची चूक नव्हती. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ अशी तीन नावे आहेत आणि त्यांत क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा, मिठासारखा पदार्थ. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आणि मिठासारख्या पदार्थाला लवण म्हणतात. मराठी विश्वकोशानेही मिठासारख्या पदार्थांना लवण म्हटले आहे आणि क्षार हा शब्द व त्याचे साधित शब्द अल्कलीच्या बाजूला ठेवले आहेत. सुश्रुताचा क्षारही अल्कलीच. उलट बोलण्यात आपण ‘विहिरीच्या पाण्यात क्षार फार आहेत’ म्हणतो तेव्हा आपणांस विरघळलेली लवणे अभिप्रेत असतात. आणि जुलाबाने माणसाच्या ‘शरीरातील क्षार’ कमी झाले म्हणून डॉक्टर जलसंजीवनी देतात तेव्हा तीत मीठ व साखर यांचे प्रमाण सांभाळलेले असते, राखेचे पाणी नसते. हा शेवटचा शब्द कोणी हिंदी अर्थाने घेतला तर काय होईल, याचा विचार करवत नाही.

अखिल भारतासाठी निघणाऱ्या पुस्तिकामालेत ही अडचण अधिकच तीव्र होते. आमचा मराठी वाचक इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत असतो. शेजारची हिंदी पुस्तके तो वाचतो. लिपी एक, शब्द एक, अर्थ मात्र उलट.

दोन आक्षेप

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, बोलणाऱ्याला संदर्भाने सर्व कळते. स्वयंपाकघरातला सोडा खाण्याचा आणि मोरीवरचा धुण्याचा. माणसे माणसांशी बोलतात तेथवर हे बरोबर आहे. परंतु पुस्तकाला संदर्भ नसतो. ते वाचनालयाच्या कपाटातून ज्या हातात जाईल त्याला स्वयंपाकघर की मोरी हे ठाऊक नसते. आणि स्वयंपाकघरातही संदर्भ किती उपयोगी पडतो, ते भज्यांच्या पिठाने आम्हांस दाखविले आहेच.

दुसरा आक्षेप भाषाभिमान्यांचा. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला तो अधिक जवळचा वाटतो. ते म्हणतात, सोडियम, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड ही परकी नावे मुलांच्या माथी मारण्याऐवजी संस्कृतातून संपूर्ण नामावली घडवावी. असा प्रयत्न झालेला आहे. डॉ. रघुवीर यांनी सोडियमला ‘क्षारातु’ आणि पोटॅशियमला ‘दहातु’ अशी नावे योजिली होती. त्या रचनेतली पद्धतशीरता वाखाणण्यासारखी आहे. तिची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. परंतु ती नावे रुजली नाहीत. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगानेही मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे राखण्याचेच धोरण ठेवले. याउलट ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, कारण ते खताच्या पोत्याबरोबर शेतात गेले. शब्द वस्तूबरोबर चालतो. वस्तू एका नावाने विकली जात असताना ग्रंथात तिला दुसरे नाव ठेवले, तर ग्रंथातले नाव ग्रंथातच राहते. म्हणून ‘दाहक सोडा’ हे नाव मला प्रिय असूनही मी ‘कॉस्टिक सोडा’ अग्रभागी ठेवतो. डब्यावर जो शब्द छापलेला असतो तोच मुलाला वाचता व ओळखता आला पाहिजे.

काय करता येईल

लेखकांनी व भाषांतरकारांनी पुढील संकेत पाळावा, असे मी सुचवितो. ‘सोडा’ हा शब्द आला की त्याआधी विशेषण आलेच पाहिजे: खाण्याचा, धुण्याचा, कॉस्टिक. प्रथम उल्लेखाच्या वेळी शास्त्रीय नाव पूर्ण द्यावे. धुण्याचा सोडा असेल तर स्फटिक की निर्जल हेही सांगावे. क्षार हा शब्द पापडखार, सज्जीखार, टाकणखार अशा लोकांनी घडविलेल्या नावांत सुखाने राहू द्यावा. शास्त्रीय विवेचनात मात्र लवण व अल्कली हे शब्द वापरावेत. अल्कली हा शब्द मूळचा अरबी, वनस्पतींच्या राखेचा वाचक. म्हणजे आपल्या सज्जीचाच तो भाऊ आहे, त्याला परका मानण्याचे कारण नाही. शाळेतल्या मुलाला पाठ्यपुस्तकातला ‘क्षार’ परिचित असतो, म्हणून लवण या शब्दाचा खुलासा पहिल्या पानावरच करावा. या शब्दांविषयी कोणाचे मत वेगळे असेल तर माझा हट्ट नाही. परंतु एका पुस्तकात एका शब्दाचा एकच अर्थ, याविषयी मात्र तडजोड नसावी.

शिक्षकांना करण्यासारखा प्रयोग सोपा आहे. तीन वाट्यांत हळदीचे पाणी घ्यावे. एकीत मीठ, दुसरीत खाण्याचा सोडा, तिसरीत धुण्याचा सोडा घालावा. पहिली पिवळीच राहील, दुसरीत नारिंगी-तांबूस छटा येईल, तिसरी गडद लाल होईल. मग तिसरीत लिंबू पिळावे. फेस येऊन लाल रंग पुन्हा पिवळा होईल. कॉस्टिक सोडा या प्रयोगात आणू नये. त्याचे नाव फळ्यावर लिहावे आणि घरी गेल्यावर कोणत्या डब्यावर हे नाव आहे ते लांबून वाचून येण्यास मुलांना सांगावे. पुड्या चाखून ओळखण्याची सवय कोणाला असेल तर ती त्याच दिवशी मोडावी.

वाचनालयांना एवढीच विनंती की, जुन्या पुस्तकांत ‘सोडा’ असा मोघम शब्द आढळल्यास जाणत्या शिक्षकाला विचारून समासात पेन्सिलीने विशेषण लिहून ठेवावे. पुस्तकावर लिहू नये, हा नियम मला ठाऊक आहे. हा त्याचा अपवाद समजावा.

त्या शिक्षकांना मी उत्तर पाठविले, चूक कबूल केली आणि पुढच्या छपाईत ‘क्षार’ या शब्दाच्या जागी ‘धुण्याचा सोडा’ असे शब्द घातले. महिन्याभराने त्यांचे कार्ड आले. मुलांनी प्रयोग पुन्हा केला होता व पाणी लाल झाले होते. मात्र एका मुलीने विचारले होते की, पुस्तकातल्या बाकीच्या शब्दांचे काय? त्या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्यापाशी अजून नाही. ही पुस्तिका त्याचा आरंभ समजावा.